बर्ली पाइपमध्ये जीभ भाजते, चव लागत नाही: आपल्या वैदर्भी हवेतला इलाज

ही तक्रार दरवर्षी ठरलेल्या वेळी येते. होळी आटोपली, कूलरच्या ताट्या बदलून झाल्या, की बर्ली ही हवेवर सुकवलेली तंबाखू पाइपमध्ये ओढणाऱ्या आर्वी-पुलगावकडच्या आम्हा मोजक्या पाइपवाल्यांपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "काकाजी, हा डबा बिघडला वाटते. जीभ भाजून राहिली अन् चव म्हणाल तर कागद जाळल्यावानी." मग श्रावणात त्याच माणसाचा दुसरा फोन. आता पाइप गुडगुडतो, दर दोन मिनिटांनी विझतो, आणि काडीपेटी संपते पण पाइपच्या वाटीतली तंबाखू संपत नाही. डबा तोच, पाइप तोच. डिसेंबरात हाच गडी त्याच तंबाखूचं कौतुक सांगत होता.

डबा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. गडबड असते तंबाखूतल्या पाण्याची, आणि आपल्याकडे तो ओलावा वर्षातून दोनदा उलटा-पालटा होतो. म्हणून कुणी विचारलं, की मी आधी ब्रँड विचारत नाही, महिना विचारतो.

गोंधळ वाढतो तो इंटरनेटवर वाचलेल्या सल्ल्यानं. जीभ भाजते? तंबाखू ओली असेल, भरण्याआधी तासभर उघडी ठेवा. हा सल्ला खोटा नाही, पण तो लिहिणारा इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या एखाद्या दमट गावात बसलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा ४५ च्या वर आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. त्या हवेत तासभर उघडी ठेवलेली बर्ली म्हणजे कुटार. ती पेटते भडाभडा, जळते गरम, आणि तिच्यातलं जे काही चाखण्यासारखं होतं ते धुरात येण्याआधीच उडून गेलेलं असतं.

बर्लीच का इतकी नखरेल

व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या उष्णतेवर आठवडाभरात सुकवतात. पान लवकर मरतं, त्यामुळे त्यातली साखर शिल्लक राहते. बर्लीचं झाडच्या झाड कापून कोठारात उलटं टांगतात आणि नुसत्या हवेवर ६ ते ८ आठवडे सोडून देतात. पान हळूहळू मरतं आणि मरता मरता स्वतःचीच साखर खाऊन टाकतं. शेवटी साखर उरते नावापुरती. पान हलकं, सच्छिद्र, टिपकागदासारखं. म्हणूनच अमेरिकेतले कारखानदार तिला कोको, ज्येष्ठमध, काकवी असलं काही पाजतात. ती सगळं पिते. पण हीच सच्छिद्रता हवेतल्या पाण्यालाही लागू पडते. ती लवकर पिते आणि लवकर सोडते. आपल्या हवेत व्हर्जिनियाचा घट्ट फ्लेक, म्हणजे दाबलेल्या पानाच्या पट्ट्या, चार दिवस तग धरेल तिथे मोकळी कापलेली बर्ली एका दुपारीत कामातून जाते.

दुसरी गोष्ट धुराची. साखरेच्या तंबाखूचा धूर आम्लाकडे झुकतो, बर्लीचा अल्कलीकडे. खर्रा खाणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खर्ऱ्यात चुना घोटतात तो कशासाठी? चुन्यानं निकोटिन मोकळं होतं आणि गालातून झपाट्यानं रक्तात जातं. चुना जास्त पडला की तोंड सोलवटतं. बर्लीचा धूर मुळातच त्या बाजूचा आहे. घाईनं ओढला, गरम ओढला, की जिभेच्या शेंड्यावर तेच होतं. त्यात निकोटिनही तिच्यात तसं जास्तच असतं.

जाता जाता सांगतो. आज बर्ली म्हणून जी ओळखतात ती व्हाइट बर्ली. १८६४ साली ओहायोच्या ब्राउन काउंटीत जॉर्ज वेब यांच्या वाफ्यात काही रोपं फिकट, आजारी दिसणारी निघाली, तिथून तिचा पसारा सुरू झाला. तेलंगणापलीकडच्या आंध्रातही बर्ली पिकते, आणि तिकडे नातेवाईक असलेला कुणीतरी अधूनमधून पानांची जुडी आणतोच. ती पानं चुरून सरळ पाइपमध्ये भरू नका. पाइपची बर्ली मुरवलेली, दाबलेली, बहुधा काहीतरी पाजलेली असते. कोठारातलं कोरं पान घसा धरतं. खर्ऱ्याची तंबाखू पाइपमध्ये भरून पाहणाऱ्यांबद्दल तर मी काहीच बोलत नाही.

चिमटीची परीक्षा

यंत्रबिंत्र नको. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. चिमूटभर तंबाखू घ्या, घट्ट दाबा, तीनपर्यंत मोजा आणि सोडा.

गोळा तसाच राहिला आणि बोटांना गार लागलं, तर ओली आहे. दाबतानाच करकर आवाज आला आणि बोटांवर पिवळी भुकटी राहिली, तर वाळून गेली. गोळा बनला, क्षणभर थांबला, आणि मग कडेपासून हळूहळू उलगडत मोकळा झाला, म्हणजे बरोबर. बर्लीच्या बाबतीत हा उलगडा व्हर्जिनियापेक्षा थोडा लवकर झाला तरी चालतं. ती किंचित कोरडीच बरी लागते. एक मात्र लक्षात ठेवा, की गोड वासाच्या मिश्रणांमध्ये ओलावा धरून ठेवायला प्रोपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. ती बोटांना कायम चिकट लागणार आणि कितीही वाळवली तरी ओली वाटणार. तिथे ही परीक्षा फसते.

उन्हाळा: मार्च ते जूनचा पहिला पाऊस

इथे वाळवायचं काहीच नाही. सगळी कसरत असलेला ओलावा टिकवायची.

डबा उघडला की त्याच दिवशी रबरी कडीच्या झाकणाची काचेची बरणी शोधा. लोणच्याची चिनी मातीची बरणी दिसायला छान, पण तिचं झाकण हवा अडवत नाही. बरणी शक्यतो भरलेली ठेवा. अर्धी रिकामी झाली की लहान बरणीत काढा, कारण वरची कोरडी हवाच पानातलं पाणी ओढते. जागा म्हणजे घरातली सगळ्यात आतली खोली, जमिनीलगत, धान्याच्या कोठीमागे चालेल. टिनाच्या पत्र्याखाली नाही, खिडकीत नाही. आणि फ्रिजमध्ये तर अजिबात नाही. एक तर भारनियमनात फ्रिज दिवसातून दोनदा गरम-गार होतो आणि काचेला आतून पाणी सुटतं, दुसरं म्हणजे लसणाच्या चटणीचा वास बर्ली दोन दिवसांत पिते.

पाइप भरायचा तेव्हाच बरणी उघडायची, लागेल तेवढी काढायची, झाकण लावायचं. गप्पा मारत तंबाखू ताटलीत पसरून ठेवायची सवय हिवाळ्यापुरती ठीक.

आता पंखा. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. उन्हाळ्यात आपण एकतर पंख्याखाली बसतो, नाहीतर कूलरच्या तोंडाशी, नाहीतर रात्री गच्चीवर गरम वाऱ्यात. तिन्ही ठिकाणी वाटीच्या तोंडावरून वारा वाहतो आणि निखारा भात्यावर धरल्यासारखा फुलतो. तुम्ही झुरका न घेताही तो जळत राहतो. मग वाटी हातात धरवत नाही आणि पुढचा प्रत्येक झुरका जिभेला चटका. वाऱ्याकडे पाठ करा, वाटीवर बोट आडवं धरा, किंवा जाळीचं झाकण मिळतं ते लावा. कूलरच्या खोलीत हवा दमट असते, त्यामुळे तिथे तंबाखू बरी टिकते, पण कूलरच्या समोर नाही, एका कोपऱ्यात.

वाळून गेलेली बर्ली परत जिवंत करता येते, फक्त सुगंधाचा थोडा भाग गेलेला असतो तो परत येत नाही. परातीत पातळ थर पसरा. वर स्वच्छ सुती कापड ओलं करून, घट्ट पिळून, परातीच्या काठांवर ताणून बसवा. कापड तंबाखूला टेकता कामा नये. दर वीस मिनिटांनी हात घालून खालीवर करा आणि चिमटी घेऊन पाहा. पाणी उकळून गार केलेलं किंवा आरओच्या कॅनमधलं. विहिरीच्या जड पाण्याचा शिंतोडा थेट पानावर मारला की क्षार आणि बुरशी दोन्हींची सोय होते. झाल्यावर बरणीत भरून दोन दिवस तसंच राहू द्या, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा होतो. लगेच ओढली तर अर्धी ओली, अर्धी कोरडी, आणि पुन्हा फोन.

संत्र्याच्या सालीचं काय, हा प्रश्न वरुड-मोर्शीकडून हमखास येतो. सालीचा तुकडा बरणीत टाकला की तंबाखू मऊ होते, हे खरंच आहे. पण सालीवर पांढरी-हिरवी बुरशी धरायला आपल्या उकाड्यात वेळ लागत नाही, आणि ती सालीवरून पानावर उतरते. शिवाय सालीतलं तेल इतकं तेज असतं की नंतर महिनाभर त्या बरणीतून फक्त संत्रं लागतं. संत्रं सोलून खा, साल झाडाच्या बुंध्याशी टाका.

ज्यांना हा व्याप नको त्यांनी ६२ किंवा ६५ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पुड्या मागवाव्यात. बरणीत एक पुडी टाकली की ती कोरड्या दिवसांत पाणी सोडते आणि ओल्या दिवसांत ओढून घेते. खर्च आहे, पण इतक्या महाग तंबाखूपुढे तो काहीच नाही.

पावसाळा

पावसाळ्यात हवा ८० टक्क्यांच्या पुढे. उघडी ठेवली तर बर्ली वाळण्याऐवजी आणखी पाणी पिते, म्हणून इथेही तो परदेशी सल्ला फसतो, फक्त उलट्या बाजूनं. थोडी ऊब लागते. जुना पिवळा बल्ब असेल तर त्याच्याखाली हातभर अंतरावर कागदावर पसरा आणि चिमटीवर लक्ष ठेवा. चुलीजवळ नको, गोवऱ्यांच्या धुराचा वास बसतो. बल्ब नसेल तर एका वेळच्या तंबाखूबरोबर सिलिका जेलची लहान पुडी डबीत रात्रभर ठेवली की सकाळी काम झालेलं असतं.

गुडगुड आली तर ओढत राहू नका. पाइप क्लीनर, म्हणजे धागा गुंडाळलेली बारीक तार, नळीतून आत घाला, पाणी टिपा, पुन्हा पेटवा. जोरानं फुंकलं तर घाण पाणी तंबाखूत जातं. एक पाइप ओढल्यावर निदान दिवसभर, पावसाळ्यात दोन दिवस, त्याला विश्रांती द्या.

बुरशी दिसली की अख्खी बरणी टाकायची. वरवरची काढून बाकीची ओढणारे महाभाग आहेत. बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याहून बरेच आत गेलेले असतात.

पाइप धुण्याबद्दलही एक अडचण आपल्याच भागातली. सगळीकडे लिहिलेलं असतं की रम किंवा व्होडकानं नळी साफ करा. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, तेव्हा त्या सल्ल्याचं करायचं काय? मग कुणीतरी मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणतो. ते नको, ते तोंडात जायच्या वस्तूसाठी बनवलेलंच नसतं. ओल्या क्लीनरनं, मग कोरड्या क्लीनरनं, रोजच्या रोज साफ केलं तर साध्या पाण्यावर भागतं. लाकडाच्या वाटीत पाणी भरून ठेवू नका एवढंच.

ओलावा बरोबर आहे, तरी भाजतं

मग हात आणि तोंड. सिगारेट किंवा बिडीवरून पाइपकडे आलेला माणूस सवयीनं दमदार ओढतो. बर्लीत साखर कमी, म्हणून ती पहिल्या झुरक्याला गोड लागत नाही; गोडी शोधायला माणूस आणखी जोरात ओढतो, वाटी तापते, चव आणखी पळते. हा फेरा तोडायचा तर झुरका इतका लहान घ्या की धूर दिसतो न दिसतो. विझला तर विझू द्या. बर्ली पुन्हा पेटवल्यानं बिघडत नाही. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडातच ठेवायचा.

भरताना तळाशी सैल, वर जरा घट्ट. बर्ली लवकर जळते, म्हणून व्हर्जिनियापेक्षा थोडी दाबून भरलेली चालते. नळीतून ओढून पाहा, कोरड्या झुरक्याला किंचित अडथळा लागला पाहिजे. वाटी मध्यम घ्या. मोठ्या वाटीत शेवटचा तिसरा भाग बर्लीत हमखास कडू होतो, तो तसाच सोडून द्यावा.

मक्याच्या बुरकुंडाचा पाइप बर्लीसाठी उत्तम. तो धुरातलं पाणी पितो आणि आधीच्या तंबाखूचा वास फारसा धरत नाही. मिझुरी मीरशॉम ही अमेरिकी कंपनी १८६९ पासून हेच बनवते. आपल्या शेतातल्या मक्यापासून करून पाहायचा मोह होतो. आपल्या संकरित मक्याचं बुरकुंड बारीक आणि पोकळ, ते लवकर आरपार जळतं. त्यांचं वाण जाड बुरकुंडासाठीच राखलेलं आहे.

चव कशी ओळखायची

चव लागत नाही म्हणणाऱ्याला मी विचारतो, जेवण काय होतं? सावजीचा रस्सा खाऊन, किंवा गालात खर्रा असताना, कुठलीच तंबाखू जोखता येत नाही. तर्री-पोह्यानंतरही नाही. दही-भात किंवा साधी पोळी-भाजी, मग कोरा चहा, अर्धा तास मध्ये, आणि वारा पडलेली वेळ.

बर्ली बोलते हळू. पहिल्या पाच मिनिटांत काही ठरवू नका. वाटीच्या मधल्या भागात भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा वास येतो, मग कोको, कोरडी माती, कधी कडवट कॉफी. खळ्यावर तुरीच्या कुटाराला उन्हात येतो तसा वास आला तर तंबाखू ताजी, न मुरलेली किंवा जास्त वाळलेली समजा. थोडासा धूर नाकातून हळू सोडला की शेंगदाणा स्पष्ट होतो. मिरमिरलं तर तिथेच थांबा.

दोन डब्यांची तुलना करायची तर पाइप एकच, ओलावा सारखा, दिवस वेगळे. प्रिन्स अल्बर्ट ही अमेरिकी बर्ली १९०७ पासूनची, बारीक कापाची, सौम्य; तिच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. कार्टर हॉलही त्याच घराण्यातली. फाइव्ह ब्रदर्स धाग्यासारखी कापलेली, वरून काही न पाजलेली आणि जबर. ती आपल्या उन्हाळ्यात बरणीबाहेर पाच मिनिटंही टिकत नाही आणि नवख्याला हमखास लागते. सोलानीचा एज्ड बर्ली फ्लेक दाबलेल्या पट्ट्यांचा, आणि माझं मत विचाराल तर वैदर्भी उन्हाळ्याला फ्लेकच बरा. पट्टी अख्खी ठेवा, ओढायच्या वेळी चोळून मोकळी करा. आतला ओलावा टिकतो.

तंबाखू लागली, म्हणजे घाम सुटला, उचकी लागली, गरगरलं, तर पाइप खाली ठेवा, आडवे व्हा, पाणी प्या. गुळाचा खडा चघळल्यानं बरं वाटतं असा सगळ्यांचाच अनुभव आहे. उपाशीपोटी बर्ली नाही, आणि खर्रा खाऊन वर बर्ली तर नाहीच.

आणि हे भाजणं कधी साधं नसतं, तेही सांगायला हवं. धुरानं पोळलेली जीभ पाइप बंद ठेवला की दोन-चार दिवसांत बरी होते. गालात पांढरा चट्टा, तिखट अजिबात सहन न होणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम, ही पाइपच्या ओलाव्याची गोष्ट नाही. खर्ऱ्यानं गाल आखडलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. धूर छातीत न घेतल्यानं तोंडाचा कॅन्सर टळत नाही, आणि हवेवर सुकवलेल्या बर्लीत कॅन्सर करणारी नायट्रोसामाइन द्रव्यं व्हर्जिनियापेक्षा जास्तच असतात. अशा वेळी मला फोन करू नका. तालुक्याच्या दवाखान्यात दाताच्या डॉक्टरला तोंड दाखवा.

हे सगळं जमवूनही एखादा डबा रुक्षच लागतो, असंही होतं. तो फेकू नका. चार भाग बर्लीत एक भाग साधी व्हर्जिनिया मिसळा, बरणीत आठवडाभर एकत्र राहू द्या. जी साखर बर्लीनं कोठारात खाल्ली ती थोडी परत मिळते आणि चटकाही कमी होतो. एका भागानं भागलं नाही तर दोन करा. त्याच्या पुढे गेलात तर ती व्हर्जिनियाच झाली, मग बर्लीचा डबा ज्याला आवडतो त्याला देऊन टाका. पुलगावात असा एक गिऱ्हाईक मला माहीत आहे.